कुंभाझरीच्या पाळीचे पोट

कुंभाझरीच्या तलावाची पाळ सगळीकडे सारखी नाही. गावाकडच्या टोकाला ती एका बैलगाडीपुरती रुंद आहे. तुडुमापर्यंत, म्हणजे पाणी सोडायच्या दगडी तोंडापर्यंत, ती तशीच जाते आणि पाळीवरच्या ओळीतल्या तिसऱ्या चिंचेपाशी एकाएकी फुगते. तिथे दोन गाड्या एकमेकींना सहज वाट देतील. चाळीस पावले गेले की पाळ पुन्हा पहिल्यासारखी अरुंद होते. मी दोन वेळा पावलांनी मोजली, दुसऱ्या वेळी एकेचाळीस भरली. गावात या जागेला पाळीचे पोट म्हणतात.

हिवाळ्यात सारस पाहायला शहरातून पाहुणे येतात. पाळीवरून चालताना ते इथे थांबतात आणि हे असे का, म्हणून विचारतात. मग त्यांना मन्सारामजींकडे नेतात. मन्सारामजी गावचे पाटकरी. कोणाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतात, कधी पाणी सोडायचे हे त्यांच्या घराण्याकडे आहे. वय ऐंशीच्या पुढे, पण तुडुमाची खुंटी अजून स्वतः काढतात. पाहुणे उभे असतील तर ते सांगायला सुरुवातच करत नाहीत. "बसा. उभ्यानं आयकाची गोष्ट नाही हे," एवढेच म्हणतात.

मी ही गोष्ट त्यांच्या तोंडून चार वेळा ऐकली आणि बुरूड आळीतल्या फुलाबाईंकडून एकदा. दोघांच्या सांगण्यात जिथे फरक आहे, तिथे तसे नमूद केले आहे.

फार मागे, कोणाचे राज्य होते ते आता कोणाला सांगता येत नाही, तेव्हाही हा तलाव होता, पण पाळीला पोट नव्हते. तलाव दर उन्हाळ्यात आटे. आटला की तळाचा गाळ काढून पाळीवर टाकावा लागे, नाहीतर पुढच्या पावसात पाणी कमी मावे. हे काम म्हणजे गावाचा कर. घरटी शंभर टोपल्या गाळ. पैशात नाही, धान्यात नाही, फक्त टोपल्यांत. टोपली सगळ्यांची एकाच मापाची असावी म्हणून पहिल्या चिंचेला लोखंडी कडे टांगलेले होते. टोपलीचे तोंड त्या कड्यात नेमके बसले तर ती खरी. मालगुजाराच्या घरच्या शंभर आणि भूमिहीन बुरडाच्याही शंभर. गावाला या नियमाचा मोठा अभिमान होता. परगावचा कोणी आला की त्याला कडे दाखवीत आणि सांगत, आमच्या गावात लहानमोठा कोणी नाही.

मालगुजार हिरामणजींच्या दोनशे बांध्या या तलावाच्या पाण्यावर पिकत. त्यांच्या शंभर टोपल्या मजूर काढीत. दिवसाला पायलीभर धान दिले की झाले. लहान घरांना मात्र शंभर टोपल्यांना नऊ दिवस लागत. त्या नऊ दिवसांत दुसरे काम नाही, म्हणजे आषाढापर्यंत घरातले धान संपे. मग मालगुजाराच्या वाड्यावरून उसने आणावे लागे आणि उसने फिटले नाही की एखादी बांधी तिकडे जाई. पुढच्या वर्षी त्या घराच्या बांध्या कमी होत, पण टोपल्या शंभरच राहत. मालगुजाराच्या बांध्या वाढत, त्याच्याही टोपल्या शंभरच राहत. हे सगळे कड्याच्या डोळ्यासमोर होत होते, पण कडे फक्त टोपली मोजत होते.

त्या वेळी गावाच्या टोपल्या विणायचे काम सारजा नावाच्या बुरडिणीकडे होते. तिचा नवरा उकंडा रानातून बांबू तोडून आणी, कामट्या काढून देई आणि ती विणी. मालगुजाराची बायको कौतिका. या दोघी एकाच गावच्या माहेरवाशिणी. लहानपणी एकाच नाल्यात झिंगे धरलेल्या. एकाच वैशाखात लग्न होऊन कुंभाझरीत आल्या. एक वाड्यात गेली, एक गावाच्या कडेला बुरूड आळीत.

सारजेला त्या दिवसापासून कौतिकेचा हेवा वाटू लागला, असे सांगतात. आधी तो लहान होता. दुपारी वाड्यातून सुवासिक तांदळाच्या भाताचा वास येई आणि सारजेच्या चुलीवर कणी शिजत असे. बलुत्यात तिला कणीच मिळायची. वास आला की ती हातातली कामटी खाली ठेवी आणि वास जाईपर्यंत बसून राही. मग कार्तिकात तिच्या अंगणातून दिसणारी वाड्याच्या धानाची पिवळी पट्टी दर वर्षी रुंद होत गेली. कोणाची कोणती बांधी यंदा तिकडे गेली हे सारजेला त्या घरच्या माणसांच्या आधी कळत असे. कौतिका वाईट नव्हती. सणाला ती हिच्याकडे पुरणाचे ताट पाठवी. एकदा तिने आपले जुने लुगडे पाठवले, चांगले धड, रुंद काठाचे. ताट आले की सारजा उकंड्याला जेवू घाली आणि स्वतः कणी खाई. लुगडे तिने कधी नेसले नाही. गुंडाळी करून आढ्याला खोचून ठेवले. फुलाबाई म्हणतात, नुसते ठेवले नाही, जाता येता ती त्याच्याकडे पाहत असे.

शेवटी तिने जे केले ते फक्त बुरडिणीलाच जमले असते. तिने वाड्याच्या टोपल्यांचे तोंड तेवढेच ठेवले आणि पोट वाढवले. बुडाच्या वर, जिथे टोपली फुगते, तिथे कामट्यांचा एक फेरा जास्त घातला. कड्यात टोपली नेमकी बसे. पाहणाऱ्याला फरक कळत नसे. ओला गाळ भरला की मात्र उचलणाऱ्याला कळे. पुढच्या वर्षी तिने दोन फेरे जास्त घातले, त्याच्या पुढच्या वर्षी तीन.

तिचा हिशोब असा होता: वाड्याची टोपली जड झाली की मजूर कंटाळतील, एक दिवस कोणीच येणार नाही, आणि मग कौतिकेला स्वतःच्या डोक्यावर गाळ घ्यावा लागेल. तेवढे तिला एकदा डोळ्यांनी पाहायचे होते. मजूर कण्हत आणि थट्टा करीत, "मालकाचा गाळबी बापा खाऊनपिऊन हाय." सारजा तोंडाला पदर लावून हसे. पण मजूर काही थांबले नाहीत. ज्याच्या घरी आषाढाचे धान नाही, तो जड टोपलीही उचलतो. हे सारजेला कळायला हवे होते, ती त्याच आळीतली होती. हेव्यात माणसाला एकच घर दिसते, असे मन्सारामजी म्हणतात. बाकीची घरे दिसत नाहीत, आपलेसुद्धा नाही.

चौथ्या वर्षी सारजेने चौथा फेरा घातला. आदल्या साली पाऊस कमी झालेला. उकंड्याने स्वतःच्या घरच्या शंभर टोपल्या काढल्या. त्यात बांबू तोडायचे नऊ दिवस गेले. मडक्यात कणी उरली नाही. तो बायकोला न सांगता वाड्यावर मजुरीला गेला. सांगितले असते तर तिने जाऊ दिले नसते, हे त्याला माहीत होते.

सारजा तिसऱ्या चिंचेखाली उसवलेल्या टोपल्या दुरुस्त करीत बसली होती. खालून मजुरांची रांग पाळ चढून येत होती. डोक्यावरून गाळ गळत असल्याने सगळ्यांनी तोंडावर फडके ओढलेले. रांगेतल्या एका टोपलीवर तिची नजर गेली. चौथा फेरा तिने हिरव्या कामटीने मिटवला होता, त्यावरून ती तिला ओळखू आली. उचलणाऱ्याचे गुडघे लटपटत होते. सारजा हात थांबवून पाहत राहिली. तिला बरे वाटले, असे सांगतात, आणि गोष्टीतला हा भाग मन्सारामजी कधी गाळत नाहीत.

पाळीच्या उतारावर त्या माणसाचा पाय सरला. तो मागे पडला आणि टोपली त्याच्यावर पडली. सारजेने आधी टोपलीकडे पाहिले, फुटली का म्हणून. फुटली नव्हती. मग फडके बाजूला झाले आणि तिला तोंड दिसले.

उकंड्याची कंबर गेली. तो पुन्हा ताठ उभा राहिला नाही.

संध्याकाळी चिंचेखाली पंच बसले. मालगुजारांनी कडे मागवले. ज्या टोपलीने माणूस पडला ती त्यात घालून पाहिली. नेमकी बसली. "टोपली बरोबर हाय," हिरामणजी म्हणाले. "पाय सरला. कोणाचा दोष नाही. चार पायल्या धान वाड्यावरून घेऊन जा." पंच उठायला लागले. प्रकरण तिथेच मिटले असते आणि आज पाळीला पोट नसते.

सारजा बायकांमधून उठून पुढे आली. तिने ती टोपली उचलली आणि सगळ्यांसमोर आत हात घातला. हात कोपरापर्यंत आत गेला. मग शेजारची, दुसऱ्या कोणाच्या घरची टोपली घेतली. तिच्यात हात मनगटाच्या थोडा वरपर्यंत गेला.

"कडं तोंड मोजते मालक," ती म्हणाली. "पोट कोणी मोजलं?"

"म्हणजे? हे तू मुद्दाम केलं?"

"हाव."

"कायले?"

"मले कौतिकेचा हेवा वाटते. लगीन होऊन आली त्या दिवसापासून."

पंचांपैकी कोणीतरी हसले. सारजा त्याच्याकडे वळली. "हासू नको रामा. तुह्या तीन बांध्या गेल्या तिकडं. दोनशे बांध्यांचं घर शंभर टोपल्या देते. तूबी शंभर देतं. मी तीन वाफे अळूचे लावतो तं मीबी शंभर. मले हेवा नाही वाटन तं का वाटन? तुमाले कोणालेच वाटत नाही, याचंच मले नवल हाय."

हिरामणजींनी निवाडा दिला की सारजेने गावाचे माप मोडले. तिचे बलुते बंद. गाळाचे काम संपले की तिने नवऱ्याला घेऊन गाव सोडावे. मोडल्या कमरेच्या माणसाला घेऊन ती कुठे जाणार, हे पंचांनी विचारले नाही. माप खरोखरच मोडलेले होते.

त्या रात्री बुरूड आळीत जी गर्दी झाली तशी वाड्यावर लग्नातही झाली नव्हती म्हणे. कोणी उकंड्याच्या कमरेला निरगुडीचा पाला आणला, कोणी कणी आणली. ज्यांनी पंचांसमोर तोंड उघडले नव्हते ते तिच्या अंगणात बसून कोणत्या साली आपली कोणती बांधी गेली ते सांगू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कौतिका पाळीवर आली. वाड्यातल्या बायका पाळीवर येत नसत. ती का आली, याबद्दल दोघे वेगवेगळे सांगतात. मन्सारामजी म्हणतात, तिला लाज वाटली म्हणून आली. फुलाबाईंना हे मान्य नाही. त्या म्हणतात, कौतिका रात्रभर माडीवरून बुरूड आळीतले दिवे पाहत बसली होती. एवढ्या वर्षांत तिच्या दाराशी लोक उसने मागायला आले, पण नुसते बसायला, सुखदुःख सांगायला कोणी आले नव्हते. आता सगळे गाव सारजेच्या अंगणात होते. तिला सारजेचा हेवा वाटला, तो सहन झाला नाही, म्हणून ती आली. मला फुलाबाईंचे सांगणे जास्त खरे वाटते.

कारण काहीही असो, ती आली, हिरव्या कामटीची तीच टोपली तिने ओढून घेतली आणि मजुराला भरायला सांगितले. टोपली भरली. कौतिकेला ती उचलता येईना. डोक्यावर चुंबळ लागते हेसुद्धा तिला माहीत नव्हते. लोक गोळा झाले. कोणी हसले नाही आणि मदतीलाही कोणी आले नाही.

सारजा घरी गेली. आढ्याला खोचलेले लुगडे तिने काढले, रुंद काठाचे, कौतिकेने दिलेले. परत येऊन त्याला पीळ घातला, गोल चुंबळ केली आणि कौतिकेच्या डोक्यावर ठेवली. मग दोघींनी मिळून टोपली उचलली. लग्नानंतर सारजेने तिला मालकीणबाई याखेरीज कशाने हाक मारली नव्हती.

"कौते," ती म्हणाली, "कंबर नको वाकवू. गुडघे वाकव."

दिवसभरात कौतिकेने सात टोपल्या टाकल्या, सगळ्या तिसऱ्या चिंचेपाशी, कारण त्याच्या पुढे तिला नेववत नव्हते. सातवीच्या वेळी हिरामणजी घोड्यावरून आले. सगळ्या गावासमोर बायकोच्या केसांतून गाळ गळताना पाहून ते काळेनिळे झाले.

"खाली ठेव ते टोपली."

"ठेवतो," कौतिका म्हणाली. "मंग तुमी घ्या. दोनशे बांध्यांची हाय, कोणालेतरी न्याच लागन. आता उकंड्याच्या डोक्यावर नाही देत."

मालगुजारांनी आजूबाजूला पाहिले. सगळे गाव गाळात उभे होते, घोड्यावर ते एकटेच होते. ते उतरले. त्यांनी चार टोपल्या टाकल्या. चौथीनंतर ते पाळीवर बसले आणि मान चोळत म्हणाले, "हे पोट कमी करा लागते. माणसाचं काम नाही हे."

उकंड्याची बाज तेव्हा चिंचेखाली आणून ठेवली होती. तो निजूनच म्हणाला, "बांध्या कमी करा मालक. पोट आपोआप जाईन."

त्यावर आधी कौतिका हसली, मग सारजा, मग सगळी पाळ. हिरामणजी हसले की नाही, हे दोघेही सांगत नाहीत. पण सारजेचे गाव सुटले नाही, आणि त्या संध्याकाळी पंच पुन्हा बसले तेव्हा नियम बदलला तो आजतागायत. ज्याला तलावाचे जितके पाणी, त्याच्या टोपलीला तितके फेरे. नवाच्या वर फेरे गेले की दुसरी टोपली आणि घरातला दुसरा माणूस. ज्याला बांधीच नाही त्याने ओंजळभर गाळ टाकावा, तोही गावचा आहे म्हणून. आणि टोपली घरच्याच माणसाने उचलायची, मजुराच्या डोक्यावर द्यायची नाही. उकंड्याला तुडुमाच्या खुंटीवर बसवले, कारण बसून करण्यासारखे तेवढेच काम होते. मन्सारामजी त्याच्याच वंशातले.

लहान घरांना त्या नऊ दिवसांतले बरेचसे परत मिळाले. बांध्या वाड्याकडे जायच्या थांबल्या का, असे मी मन्सारामजींना विचारले होते. "थांबल्या नाही," ते म्हणाले. "पण पयले धावत जात, मंग चालत गेल्या."

त्या भादव्यात पाणी पाळीच्या काठाला लागले. सगळी पाळ पाझरत होती. लोक घरे सोडून उंचावर गेले. सकाळी येऊन पाहतात तर तिसऱ्या चिंचेपाशी, जिथे कौतिकेच्या सात आणि हिरामणजींच्या चार टोपल्या पडल्या होत्या, तिथे पाळ चाळीस पावले फुगलेली, आणि तिने सगळे पाणी अडवून धरलेले. अकरा टोपल्यांची एवढी माती कशी झाली, हे पाहुणे हटकून विचारतात. "रात्री मोजाले कोणी गेलं नव्हतं," एवढेच उत्तर मन्सारामजी देतात.

चिंचेचे कडे अजून आहे, गंजलेले. त्याने कोणी मोजत नाही. अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी सगळ्या घरांच्या टोपल्या पाळीच्या पोटावर तोंडे वर करून मांडतात आणि ज्याला वाटेल त्याने कोणाच्याही टोपलीत हात घालून पाहावा. वर्षभर कोणी कोणाच्या मडक्यात डोकावत नाही, ते वाईट समजतात. त्या एका दिवशी हेवा करायची मुभा आहे. म्हाताऱ्या बायका तर त्यासाठी आदल्या दिवशीच बांगड्या मागे सारून ठेवतात. सगळ्यात मोठ्या घराच्या टोपलीत पहिला हात बुरडिणीचा.

आता मालगुजारांच्या वंशाकडे अकराच बांध्या उरल्या आहेत. आज गावातले सगळ्यात मोठे घर टेकचंदचे. तो सारजेच्याच घराण्यातला. त्याची धानाची गिरणी आहे आणि तलावाखालच्या निम्म्या बांध्या त्याच्या. आणि बुरडीण म्हणजे फुलाबाई, त्याची आत्या. त्या अजून कणी खातात आणि गिरणीच्या आवाजाने झोप येत नाही असे सगळ्यांना सांगतात.

यंदा टेकचंदने मशीन आणले. त्याने सांगितले, सगळ्या गावाचा गाळ मशीन काढेल, डिझेल माझे, टोपल्यांची भानगड आता पुरे. मशीनला कोणी नाही म्हटले नाही. पण टोपल्या मांडल्या. टेकचंदच्याही दोन होत्या. फुलाबाईंनी पहिलीत हात घातला. हात कोपराच्या आधीच बुडाला टेकला.

"टेक्या, हे माह्या हातची नाही."

"बाजारातून आणली आत्या. तुले तरास कायले."

"फेरे मोज."

त्याने मोजले. आठ भरले. पुन्हा मोजले, पुन्हा आठच. "एका फेऱ्यानं का होते," तो म्हणाला आणि लोकांकडे पाहून हसला. लोक हसले नाहीत.

फुलाबाई तिथेच बसल्या. कामट्या मागवल्या, काठ उसवला आणि नववा फेरा घालायला घेतला. पाऊण तास लागला, मी घड्याळ पाहिले. ऊन चढले, मशीनवाला बिडी ओढून परत आला, पण पाळीवरून एकही माणूस हलला नाही. सगळे त्या टोपलीकडे पाहत होते, तोंडात गोड गोळी विरघळत ठेवल्यासारखे. शेवटी त्यांनी हात घातला. कोपरापर्यंत गेला.

टोपली भरली. टेकचंदने नव्या सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि खाली वाकला.

आजही कुंभाझरीत पहिली टोपली उचलणाऱ्याच्या डोक्यावर बुरडीण जुन्या लुगड्याची चुंबळ ठेवते आणि एकच गोष्ट सांगते. फुलाबाईंनीही ती सांगितली, भाच्याकडे न पाहता.

"कंबर नको वाकवू. गुडघे वाकव."